स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून जुनी छायाचित्रे : बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

इतिहासलेखनाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, सनदा, बखरी आणि दप्तरातील कागद यांचा उल्लेख प्रथम होतो. छायाचित्राचा उल्लेख झालाच तर तो ग्रंथाच्या शेवटी, सजावटीच्या पानांपुरता होतो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या काळासाठी छायाचित्र हे कागदपत्राइतकेच महत्त्वाचे साधन आहे. गावाची वेस कोठे होती, बाजार कोठे भरत असे, नदीचा घाट कसा होता, शाळेत कोणाची मुले बसत होती, स्त्रिया कोणत्या प्रसंगी घराबाहेर दिसत होत्या, या प्रश्नांची उत्तरे महसुली दप्तरात क्वचितच सापडतात. एखाद्या जुन्या छायाचित्रात मात्र ती सहज सापडून जातात.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत या साधनाचे महत्त्व अधिक आहे. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. राज्ये बदलली तशी दप्तराची भाषा आणि ठिकाणही बदलले. जुने कागद उर्दू व फारसीत असून त्यांतील बराच भाग जिल्ह्याबाहेर आहे. अशा स्थितीत घराघरांतील भिंतींवर, पेट्यांत आणि जुन्या स्टुडिओंच्या माळ्यांवर पडून असलेली छायाचित्रे हे जिल्ह्याचे स्वतःचे, जिल्ह्यातच असलेले दप्तर ठरते. हे दप्तर वाचता येणारी माणसे मात्र झपाट्याने कमी होत आहेत. १९४८ साली जे मूल दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) छायाचित्रांच्या आधारे एखाद्या गावाचा इतिहास कसा उभा राहतो हे एका परिचित उदाहरणावरून स्पष्ट करणे.
२) बीड जिल्ह्यातील छायाचित्रांच्या संभाव्य प्रकारांचा आणि त्यांच्या मर्यादांचा विचार करणे.
३) जुन्या छायाचित्राचा काळ ठरविण्याची पद्धती सांगणे.
४) छायाचित्रांच्या नोंदीचा व जतनाचा व्यवहार्य मार्ग सुचविणे.

एका बंदराचे उदाहरण : व्हिटबी

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, यॉर्कशायरमध्ये, एस्क नदीच्या मुखाशी व्हिटबी नावाचे लहान बंदर आहे. जहाजबांधणी, देवमाशांची शिकार, हेरिंग माशांची मासेमारी आणि जेट नावाच्या काळ्या दगडाचे दागिने हे तेथील लोकांचे व्यवसाय होते. जगप्रवासी कॅप्टन जेम्स कुक याने तारुण्यात याच गावी नौकानयनाचे धडे घेतले. तथापि एकोणिसाव्या शतकातील व्हिटबी आज जगाला ठाऊक आहे ती मुख्यतः फ्रँक मेडो सटक्लिफ (१८५३–१९४१) या छायाचित्रकारामुळे.

सटक्लिफ हा गावातील एक व्यावसायिक छायाचित्रकार होता. उन्हाळ्यात समुद्रकिनारी येणाऱ्या पाहुण्यांची व्यक्तिचित्रे काढणे हे त्याचे पोटापाण्याचे काम होते. उरलेल्या वेळात तो बंदरावरील कोळी, जाळी दुरुस्त करणाऱ्या स्त्रिया, धक्क्यावरची मुले, धुक्यातील गलबते यांची छायाचित्रे काढीत असे. १८८६ मधील 'वॉटर रॅट्स' हे बंदरातील पाण्यात खेळणाऱ्या मुलांचे त्याचे छायाचित्र विशेष गाजले. आज ते काम व्हिटबीच्या सामाजिक इतिहासाचे प्रमुख साधन मानले जाते.

या उदाहरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली गोष्ट अशी की, गावाचा दृश्य इतिहास बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने तयार केलेला नाही. गावातच राहणाऱ्या, लोकांना नावाने ओळखणाऱ्या माणसाने तो तयार केला. दुसरी गोष्ट संस्थेची आहे. व्हिटबीत १८२३ मध्ये स्थापन झालेली एक साहित्य व तत्त्वज्ञान संस्था होती आणि तिचे संग्रहालय होते. व्यवसायातून निवृत्त झाल्यावर सटक्लिफ स्वतः या संग्रहालयाचा अभिरक्षक झाला. म्हणजे छायाचित्रे काढणारा, ती ओळखणारा आणि ती सांभाळणारी संस्था हे तिघेही एकाच गावात होते. छायाचित्रे अनेक गावांत काढली गेली. हा योग मात्र थोड्या गावांना लाभला.

त्याचबरोबर या छायाचित्रांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. त्या काळातील काचेच्या प्लेटवर प्रतिमा उमटण्यास वेळ लागत असे. त्यामुळे माणसांना स्थिर उभे करावे लागे. सटक्लिफची अनेक दृश्ये सहज वाटतात, पण ती जुळवून घेतलेली आहेत. छायाचित्र खोटे बोलत नाही, हा समज म्हणूनच अर्धवट खरा आहे. समोर जे होते तेच त्यात उमटते हे खरे. पण समोर काय असावे हे कोणीतरी ठरविलेले असते.

हैदराबाद संस्थानातील छायाचित्रण आणि बीड जिल्हा

हिंदुस्थानात छायाचित्रणाची कला फार लवकर आली. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे मराठी छायाचित्रकार आरंभीच्या काळातच पुढे आले. हैदराबाद संस्थानात या कलेला राजाश्रय मिळाला तो लाला दीन दयाळ (१८४४–१९०५) यांच्यामुळे. रुरकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले आणि इंदूर येथे बांधकाम खात्यात नोकरी केलेले दीन दयाळ पुढे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना 'राजा' हा किताब दिला. १८९२ मध्ये हैदराबादेत स्त्रियांसाठी त्यांनी स्वतंत्र जनाना स्टुडिओही उघडला होता. त्यांच्या स्टुडिओच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

दीन दयाळ यांच्या कॅमेऱ्यात दरबार, राजवाडे, शिकारी, लष्करी संचलने यांच्याबरोबरच वेरूळ आणि दौलताबाद यांसारखी मराठवाड्यातील स्थळेही आली. यावरून संस्थानी कॅमेऱ्याची दिशा कळते. जेथे सत्ता होती किंवा जेथे प्रसिद्ध वास्तू होती तेथे तो गेला. बीडसारखी जिल्ह्याची ठिकाणे या मार्गावर फारशी नव्हती.

दुसरी परंपरा पुरातत्त्वीय सर्वेक्षणाची. जेम्स बर्जेस यांनी १८७५–७६ च्या हंगामात निजामाच्या मुलखातील बीदर व औरंगाबाद भागातील प्राचीन अवशेषांची पाहणी केली आणि तिचा अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. अंबाजोगाईची ब्राह्मणी लेणी याच काळात अभ्यासकांपुढे आली. हेन्री कझेन्स यांनी निजाम राज्यातील प्राचीन अवशेषांची यादी १९०० मध्ये प्रसिद्ध केली. १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते स्थापन केले. गुलाम यझदानी हे त्याचे प्रमुख होते आणि खात्याच्या वार्षिक अहवालांत छायाचित्रे छापली जात. बीडचे कंकालेश्वर मंदिर, नगराबाहेरील निजामशाहीकालीन खजाना बावडी, धारूरचा किल्ला, अंबाजोगाईची लेणी व यादवकालीन मंदिरे यांचा शोध घेणाऱ्याने प्रथम हे अहवाल पाहावेत. मात्र सर्वेक्षणाचे छायाचित्र दगडासाठी काढलेले असते. त्यात कोठेतरी कडेला उभा असलेला माणूस बहुधा मंदिराची उंची कळावी म्हणून उभा केलेला असतो. त्याचे नाव कोणी लिहून ठेवीत नाही.

तिसरी परंपरा छावणीची. अंबाजोगाईला निजाम काळात मोमिनाबाद असे नाव होते आणि हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी तेथे होती. १९०३ मध्ये या कंटिंजंटचे स्वतंत्र अस्तित्व संपून तिची पथके हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांची समूहचित्रे, घोडे, बंगले, खेळाची मैदाने अशी छायाचित्रे त्या काळातील लष्करी कुटुंबांच्या अल्बममध्ये असत आणि अधिकारी मायदेशी परतला की अल्बमही त्याच्याबरोबर जाई. अंबाजोगाईच्या इतिहासाचे काही दुवे यामुळे इंग्लंडमधील संग्रहांत असण्याची शक्यता आहे. शोध घेताना 'अंबाजोगाई' हे नाव पुरेसे ठरणार नाही. मोमिनाबाद, बीडसाठी भीर किंवा बीर, धारूरसाठी फतेहाबाद अशी जुनी रूपे व त्यांची वेगवेगळी इंग्रजी स्पेलिंगे शोधावी लागतील.

चौथी परंपरा जिल्ह्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. ती म्हणजे गावातील स्टुडिओ, जत्रेत मिनिटात फोटो काढून देणारे फिरते छायाचित्रकार आणि घरगुती कॅमेरे. लग्न, मुंज, मुलाचा वाढदिवस, नोकरीचा अर्ज, शाळेचा निरोपसमारंभ, पुढाऱ्याची सभा अशा निमित्तांनी ही छायाचित्रे निघाली. शाळांची समूहचित्रे यांत विशेष मोलाची आहेत. १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून मोमिनाबादला आले आणि तेथील योगेश्वरी विद्यालयाच्या कार्याशी निगडित झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामातील अनेक कार्यकर्ते अशा राष्ट्रीय शाळांतून घडले. अशा शाळांची जुनी समूहचित्रे नावानिशी वाचता आली, तर मुक्तिसंग्रामाच्या सामाजिक पायाचा अभ्यास अधिक नेमका होऊ शकतो. कोणत्या गावची, कोणत्या जातीधर्माची मुले तेथे होती आणि मुली होत्या की नव्हत्या, हे समूहचित्र सांगू शकते.

कॅमेऱ्याने न पाहिलेला जिल्हा

साधनाचे मूल्यमापन करताना त्यात काय आहे याइतकेच काय नाही हेही पाहावे लागते. १८९१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या वर होती. १९०१ मध्ये ती पाच लाखांच्या आत आली. मधल्या दहा वर्षांत १८९७ चा आणि १८९९–१९०० चा असे दोन भीषण दुष्काळ पडले. लाखाहून अधिक माणसांची ही तूट मृत्यू आणि स्थलांतर या दोन्हींमुळे झाली. एवढ्या मोठ्या आपत्तीचे जिल्ह्याच्या घरगुती संग्रहांत प्रतिबिंब शोधू गेल्यास हाती काही लागण्याची शक्यता कमी आहे. कारण ज्यांच्यावर ती कोसळली त्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता आणि स्टुडिओत जाण्यासाठी पैसाही नव्हता. या विषयासाठी जनगणना, महसुली अहवाल आणि लोकस्मृती यांकडेच वळावे लागते.

हीच गोष्ट पुढील काळातही दिसते. गावकुसाबाहेरील वस्त्या, वडार व पारधी समाज, शेतमजूर आणि ऊसतोडणीसाठी दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणारी कुटुंबे जुन्या छायाचित्रांत जवळजवळ नाहीत. असलीच तर मालकाच्या गाडीमागे किंवा मिरवणुकीच्या कडेला, नावाशिवाय आहेत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या स्त्री-पुरुषांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून आली, परंतु तीही बहुधा समुदायाची आहेत. गरीब घरातील अनेक वृद्ध स्त्रियांचे आयुष्यातील पहिले छायाचित्र १९९३ नंतर मतदार ओळखपत्रासाठी काढले गेले. एखाद्या कुटुंबात आजीचे एकही छायाचित्र नसणे हा सुद्धा सामाजिक इतिहासाचा पुरावा आहे आणि त्याची नोंद झाली पाहिजे.

मुक्तिसंग्रामाच्या बाबतीतही असेच घडले. सरहद्दीवरील कॅम्प, भूमिगत कार्य, शस्त्रांची ने-आण या गोष्टी गुप्ततेवर अवलंबून होत्या. त्यांची छायाचित्रे काढणे म्हणजे पोलिसांच्या हाती पुरावा देणे होते. म्हणून या काळाची उपलब्ध छायाचित्रे बहुतांशी १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या सत्कार-समारंभांची असणार हे गृहीत धरून चालावे. समारंभाच्या छायाचित्रात जो पुढे बसला आहे तोच लढ्यात पुढे होता, असे मात्र त्यावरून ठरत नाही.

छायाचित्राचा काळ ठरविण्याची पद्धती

जुन्या छायाचित्रावर तारीख बहुधा नसते. अशा वेळी 'याच्या आधीचे नसावे' आणि 'याच्या नंतरचे नसावे' अशा दोन मर्यादा शोधाव्यात आणि त्या शक्य तितक्या जवळ आणाव्यात. त्यासाठी तीन प्रकारचे पुरावे तपासावे लागतात.

पहिला पुरावा वस्तूचा. छायाचित्र काचेच्या प्लेटवर आहे की कागदावर, कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे का, पुठ्ठ्यावर स्टुडिओचा ठसा आहे का, हे प्रथम पाहावे. कडा करवतीच्या दातांसारख्या कापलेल्या असतील तर ते छायाचित्र बहुधा विसाव्या शतकाच्या मध्यातील असते. हाताने रंगविलेले छायाचित्र आणि रंगीत फिल्मवरील छायाचित्र यांतील फरक ओळखता आला पाहिजे. रंगीत फिल्मवरील छायाचित्रे लहान गावांतून सर्वसामान्य झाली ती १९८० च्या सुमारास व त्यानंतर.

दुसरा पुरावा चित्रातील मजकुराचा. मराठवाड्यात हा पुरावा विशेष उपयोगी पडतो, कारण येथे राज्यव्यवस्थेबरोबर पाट्याही बदलत गेल्या. संस्थानात १८८० च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. त्यामुळे कचेरी, शाळा, दवाखाना यांवरील उर्दू पाटी ही साधारणतः १९४८ पूर्वीची किंवा लगतच्या काळाची खूण ठरते. अशोकस्तंभाची राजमुद्रा असेल तर छायाचित्र १९५० पूर्वीचे नाही. किंमत नव्या पैशांत लिहिलेली असेल तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचे. 'महाराष्ट्र शासन' असेल तर १ मे १९६० नंतरचे आणि 'जिल्हा परिषद' असेल तर १ मे १९६२ नंतरचे. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. वाहनावर 'एमएच २३' हा बीडचा क्रमांक असेल तर १९८९ नंतरचे. परळीच्या पार्श्वभूमीवर औष्णिक वीज केंद्राची धुरांडी दिसत असतील, तर केंद्राचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला ही गोष्ट लक्षात घ्यावी.

तिसरा पुरावा स्थळाचा. वेस, मनोरा, मंदिराचे शिखर, डोंगराची रेषा, नदीचे वळण या गोष्टी सहसा जागा सोडत नाहीत. त्यांच्या आधाराने छायाचित्रकार कोठे उभा होता हे ठरविता येते. त्याच जागेवरून आज छायाचित्र घेऊन दोन्ही शेजारी ठेवली की काय गेले आणि काय राहिले हे स्पष्ट होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, बीडच्या जुन्या बाजारपेठेचे एक छायाचित्र हाती आले. त्यात टांगे आहेत, एका दुकानावर उर्दू व मराठी अशा दोन्ही लिप्यांत पाटी आहे, विजेचा खांब आहे आणि दूरच्या भिंतीवर निवडणुकीचे चिन्ह रंगविलेले आहे. केवळ उर्दू पाटी पाहून हे छायाचित्र निजाम काळातील ठरविल्यास चूक होईल. दुकानदार पाटी एका दिवसात बदलत नाही आणि उर्दू वाचणारे गिऱ्हाईकही १९४८ नंतर नाहीसे झालेले नाही. प्रौढ मताधिकाराने झालेली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१–५२ ची असल्यामुळे हे छायाचित्र त्यापूर्वीचे असण्याची शक्यता फार कमी आहे. आता जुन्या मर्यादेइतकाच भर नव्या मर्यादेवर द्यावा लागेल. दुकान कधी बंद झाले, इमारत कधी पाडली, खांब कधी आला, हे त्या पेठेतील वृद्ध माणूसच सांगू शकेल. अशा प्रकारे कागदी पुरावा आणि मौखिक पुरावा एकमेकांना पूरक ठरतात.

छायाचित्र वाचताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक वेशावरून ओळख ठरविण्याची आहे. शेरवानी आणि रूमी टोपी घातलेला मनुष्य दिसला की आजचा वाचक त्याला मुसलमान समजतो. हैदराबाद संस्थानात शेरवानी हा दरबारी व कचेरीचा वेश होता आणि हिंदू वकील, अंमलदार, देशपांडे-देशमुख हेही तो वापरीत. त्याच माणसाचे घरातील छायाचित्र धोतर-पागोट्यात असू शकते. उलट १९३८ नंतरच्या काळात संस्थानात गांधी टोपी घालणे ही राजकीय भूमिका होती, तर १९४८ नंतर तीच टोपी सर्वसामान्य वेश झाली. म्हणून वेशाचा अर्थ काळ ठरल्याखेरीज लावू नये. चुकीच्या ओळखीचे छायाचित्र एकदा स्मरणिकेत छापले गेले की एका माणसाबरोबर संपूर्ण पेठेचा इतिहास चुकतो आणि मिश्र वस्तीच्या गावात अशी चूक निरुपद्रवी राहत नाही.

दुसरी चूक उलट्या छायाचित्राची. निगेटिव्ह उलटी ठेवून छापल्यास डावे-उजवे बदलते. पाटीवरील अक्षरे, अंगरख्याच्या गुंड्या, नदीचा प्रवाह यांवरून ते तपासावे. तिसरी चूक पार्श्वभूमीची. स्टुडिओतील रंगविलेल्या पडद्यावर महाल, बाग, समुद्र, आगगाडी अशी दृश्ये असत. समुद्र न पाहिलेले बीडचे दांपत्य पडद्यावरील समुद्रासमोर उभे असू शकते. त्यावरून त्यांचा प्रवास सिद्ध होत नाही. त्या काळातील हौस मात्र निश्चित कळते. चौथी चूक स्मरणाची. वृद्ध व्यक्तीची आठवण अमूल्य असली तरी ती दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहावी लागते. दोन व्यक्तींनी एकाच चेहऱ्याला दोन नावे दिल्यास दोन्ही नावे नोंदवावीत, निर्णयाची घाई करू नये.

छायाचित्रांच्या नाशाची कारणे

छायाचित्रे नष्ट होण्याची कारणे नैसर्गिक आणि मानवी अशी दोन्ही आहेत. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरा नदीला आलेल्या पुराने बीड शहरात मोठी जीवित व वित्तहानी झाली. नदीकाठच्या घरांत पाणी शिरले, संसार वाहून गेले. माणसे गेली तेथे कागदाचा हिशेब कोणी ठेवला नाही हे स्वाभाविक आहे. तथापि जुन्या बीडच्या कौटुंबिक छायाचित्रांतील बराच भाग या एका दिवसात गेला असणार. याशिवाय वाळवी, कसर, ओल आणि धूर हे नित्याचे शत्रू आहेत. काचेला चिकटून बसलेला फोटो ओढून काढताना फाटतो, तर चिकट पानांच्या अल्बममधील डिंकामुळे तो पिवळा पडतो.

मानवी कारणे याहून अधिक घातक आहेत. वाड्याच्या वाटण्या झाल्या की भांडी वाटली जातात आणि फोटो माळ्यावर राहतात. वाडा पाडून इमारत उभी राहिली की तेही जातात. फिल्मचा काळ संपल्यावर जुने स्टुडिओ बंद पडले आणि निगेटिव्हचे गठ्ठे रद्दीत किंवा त्यांतील चांदीसाठी विकले गेले. स्टुडिओची नोंदवही हे तर दुर्लक्षितच साधन आहे. त्या वहीत तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, गाव आणि प्लेटचा क्रमांक असतो. हजार निगेटिव्हना नावे देण्याची क्षमता असलेली वही दिवाळीच्या साफसफाईत फेकली जाते.

नोंदीची व जतनाची पद्धती

जिल्ह्यातील महाविद्यालयांचे इतिहास विभाग हे काम अल्प खर्चात करू शकतात. मूळ छायाचित्र मालकाकडून कायमचे घेण्याची आवश्यकता नाही. त्याची प्रत करून मूळ परत करावे. विश्वास टिकतो तो यामुळेच. लहान छायाचित्राची प्रत किमान ६०० डीपीआय क्षमतेने घ्यावी, दर्शनी बाजूबरोबर मागील बाजूचीही घ्यावी, आणि मूळ प्रतीत उजळपणा किंवा रंग यांची सुधारणा करू नये. मोबाइलवरून पाठविलेली प्रत संकुचित होत असल्याने ती जतनाची प्रत मानू नये.

प्रत्येक छायाचित्रासोबत पुढील नोंदी असाव्यात.
१) क्रमांक, सध्याचा मालक व त्याची संमती.
२) आकार, प्रकार, स्टुडिओचा ठसा, मागील मजकूर जसाच्या तसा.
३) स्थळ व काळ, आणि ते कोणत्या पुराव्यावरून ठरविले.
४) व्यक्तींची नावे डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार, अनोळखी व्यक्तीची जागा रिकामी न सोडता 'अनोळखी' अशी नोंद.
५) माहिती सांगणाऱ्याचे नाव, वय व माहिती सांगितल्याचा दिनांक.
६) माहिती निश्चित, संभाव्य की ऐकीव.

मूळ छायाचित्राच्या मागे पेनने लिहू नये, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. लॅमिनेशन करू नये. साठवणुकीसाठी आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत. माहिती विचारताना छायाचित्र वृद्धांना शक्यतो एकेकट्याने दाखवावे, कारण समूहात वडीलधाऱ्याचे मत तेच सर्वांचे मत होते. स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे. समूहचित्रातील पुरुषांची नावे बहुधा कोणीतरी लिहिलेली असतात. मागे उभ्या असलेल्या सुनेचे माहेरचे नाव फक्त दुसऱ्या स्त्रीलाच ठाऊक असते. शेवटी, जातिवाचक उल्लेख, कौटुंबिक कलह किंवा मृत व्यक्तीची छायाचित्रे यांबाबत कुटुंबाच्या इच्छेशिवाय काहीही प्रसिद्ध करू नये.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.
१) जुने छायाचित्र हे स्वतंत्र ऐतिहासिक साधन आहे, परंतु स्थळ, काळ आणि नावे यांची नोंद असेल तरच ते पुरावा म्हणून वापरता येते.
२) बीड जिल्ह्यात संस्थानी, सर्वेक्षणाच्या आणि छावणीच्या कॅमेऱ्याने वास्तू व सत्ता टिपली, तर स्थानिक स्टुडिओंनी मध्यमवर्गीय कुटुंबे टिपली. श्रमिक समाज या दोहोंच्या बाहेर राहिला. त्याच्यासाठी मौखिक इतिहासाची जोड अपरिहार्य आहे.
३) मराठवाड्यातील राज्यांतरामुळे पाट्या, मुद्रा व नावे यांत झालेले बदल हे कालनिश्चितीचे भरवशाचे साधन आहे.
४) छायाचित्रापेक्षा ते ओळखणारी व्यक्ती अधिक लवकर नाहीशी होते. म्हणून जतनाच्या कामात यंत्रसामग्रीच्या आधी मुलाखतींना प्राधान्य दिले पाहिजे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड आणि अहिल्यानगर यांच्या दरम्यान रेल्वेसेवा सुरू झाली. अनेक दशके वाट पाहिलेला हा प्रसंग असंख्य मोबाइलांत टिपला गेला. परंतु त्यांतील किती छायाचित्रांवर माणसांची नावे आहेत? ती नावे आज सर्वांना ठाऊक आहेत, म्हणूनच कोणी लिहीत नाही. जुन्या छायाचित्रांच्या बाबतीतही नेमके हेच घडले होते. व्हिटबीच्या बंदरावरील मुले आज ओळखली जातात ती त्या गावाने आपल्या छायाचित्रकाराचे काम सांभाळले म्हणून. बीडच्या वेशीत उभ्या असलेल्या माणसांची नावे सांगणारे काही जण अद्याप हयात आहेत. त्यांच्यासमोर छायाचित्र ठेवून वही उघडणे, हे जिल्ह्यातील इतिहासाच्या अभ्यासकांचे तातडीचे कर्तव्य आहे.